हातांची चौकशी

बेटेगावच्या माझ्या दवाखान्यात सत्तरीचे एक आजोबा हातांची खाज व भेगा घेऊन वारंवार येत. मलमाने बरे वाटे, पुन्हा तेच. एकदा सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, बाबा अजून घरी स्टील घासतात.”

तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा जिन्याच्या कठड्याची स्टीलची फुले हाताने चमकवीत. आधी १२० नंबरचा वॉटर पेपर, मग २४०, ४००, शेवटी ६००. इतकी वर्षे मी त्यांचा व्यवसाय विचारलाच नव्हता!

३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. पॅच टेस्टमध्ये त्यांना निकेलचीच अ‍ॅलर्जी निघाली. काम सोडा म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. मग मध्यममार्ग काढला : निट्राइलचे हातमोजे, धूळ उडू नये म्हणून ओला कागद, तोंडाला एन-९५ मास्क, कामाचे कपडे वेगळे.

आता हात बरे आहेत आणि फुलेही चमकतात. आपल्या घरातील ज्येष्ठांना दवाखान्यात आणाल, तेव्हा त्यांच्या हातांनी आयुष्यभर काय केले आणि आज काय करतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आम्ही विचारायचे विसरलो, तरीही.