कंसातली भाऊबीज

छंद म्हटला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "यातून मिळतं काय?" पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला निदान वही उघडून दाखवता तरी येते. माझा छंद पडला कंसांचा! अंबाजोगाईच्या आमच्या घरात रात्रीची जेवणे आटोपली, की मी संगणकापुढे बसून लिस्प नावाच्या भाषेत छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो.

ही भाषा १९५८ साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी योजली. तिच्यात सारा कारभार कंसात. दोन आणि तीन यांची बेरीज हवी, तर लिहायचे (+ २ ३). त्या कंसाच्या पोटात आणखी कंस, डब्यात डबा ठेवावा तसे. गंमत अशी, की माहितीही यादी आणि तिला हाताळणारी आज्ञाही यादीच. त्यामुळे एक प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम रचू शकतो, आणि हौशी माणसाला भाषेतच आपल्या सोयीचे शब्द घालता येतात.

शिवाय या मंडळींचा हात मोठा सढळ. ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम बराचसा लिस्पमध्येच आहे. तो कोणीही उघडून वाचावा, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा. त्यातली दिनदर्शिका एडवर्ड राइनगोल्ड या प्राध्यापकांनी लिहिली. पुढे १९९७ साली त्यांनी आणि नाखुम डर्शोविट्झ यांनी जगातल्या कालगणनांवर ग्रंथ काढला. त्यात आपल्या पंचांगाचे गणितही लिस्पमध्ये मांडलेले आहे. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला, की एक तिथी सरली!

ते वाचले आणि मी आईची जन्मतारीख शोधायला बसलो. तिच्या दाखल्यावर १ जून आहे. खेड्यापाड्यातल्या कितीतरी दाखल्यांवर तीच असते. आई मात्र सांगते, "पोलीस अ‍ॅक्शन झालं, त्याच साली भाऊबीजेला झाले मी." बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि ती कारवाई सप्टेंबर १९४८ मधली. मी कंस जुळवले. तारीख निघाली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली.

आईने चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ पाहिले. म्हणाली, "दादा असता तर त्याला दाखवलं असतं. तो म्हणायचा, लोकांच्या बहिणी ओवाळणी घेतात, माझी बहीणच ओवाळणी म्हणून आली."

एका म्हातारीच्या भाऊबीजेसाठी कोणती कंपनी प्रोग्रॅम काढील? ते काम हौशी माणसाचेच. मीही माझा प्रोग्रॅम सर्वांसाठी मोकळा ठेवला आहे. ज्यांच्या घरी १ जूनची माणसे असतील, त्यांनी तो खुशाल न्यावा.