३४५ फुटांखालची गावे



सुरतेत पावसाळा लागला की एक आकडा प्रत्येकाच्या तोंडी असतो : ३४५. उकाई धरणाच्या जलाशयाची पूर्ण पातळी ३४५ फूट. रिक्षावाले, कापड मार्केटमधले हमाल, उपासनेनंतर आवारात गप्पा मारणारे वडीलजन, सगळे एकच विचारतात, "आज उकाई किती?" याचे कारण ऑगस्ट २००६. त्या महिन्यात धरणातून पाणी सोडावे लागले, तापी शहरात शिरली आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. ज्यांनी ते दिवस गच्चीवर काढले, ते हा आकडा विसरू शकत नाहीत.

पण पावसाळा सरला की आपण उकाईला विसरतो. नळाला येणारे पाणी कुठून येते, हे कोणी विचारत नाही. ते तापीचेच असते आणि पावसाळा नसतानाही नदी भरलेली राहते ती वरून उकाईचे पाणी येते म्हणून. बारडोलीचा ऊस त्याच पाण्यावर, आपल्या घरातला तांब्याही त्याच पाण्यावर.

गेली काही वर्षे आमच्या मंडळीतले आम्ही पाच जण सायकलवर त्या भागात जातो. तरुण संघातल्या मुलांनी सुरुवात केली, मग माझ्यासारखे पन्नाशीचेही सामील झाले. आमचा एकच नियम आहे : शनिवार सायकलचा, रविवार उपासनेचा. कितीही पाय दुखले तरी सकाळी चर्चमध्ये सतरंज्या घालायला हजर राहायचे.

या सायकलींना ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वाकलेले, पण टायर रुंद आणि खरबरीत. खडीचा, मुरमाचा, जंगलातला कच्चा रस्ता ती सहज पार करते. मात्र तिला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, तिच्याकडून शिकाव्या लागतात. टायरमध्ये हवा कमी ठेवायची, म्हणजे ते दगडावरून उडत नाही, जमिनीला धरून राहते. हँडल घट्ट आवळायचे नाही. ज्या दगडाला चुकवायचे त्याच्याकडे पाहत राहिलो की सायकल नेमकी त्याच्यावरच जाते, म्हणून नजर पुढच्या मोकळ्या वाटेवर ठेवायची. आणि घाई करायची नाही. डांबरी रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरने जाणारा माणूस इथे बारा-पंधरावर येतो.

हा मंदावलेला वेग मला प्रभूची देणगी वाटते. मोटारीतून आपण गाव ओलांडतो, सायकलवरून मात्र गावातून जातो. कोणी हात केला तर थांबतो. लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटला, तेव्हा तो त्यांच्या चालीने चालला आणि आधी त्यांचे दुःख काय ते त्याने विचारले. सगळे ठाऊक असूनही विचारले. ऐकायला वेळ लागतो, आणि वेगात तो मिळत नाही.

या वर्षी उपवासकाळात, फेब्रुवारीच्या शेवटी, आम्ही सायकली टेम्पोत टाकून सोनगडपर्यंत गेलो. वाटेत बारडोलीच्या अलीकडे-पलीकडे ऊसतोडणी चालू होती. शेताच्या कडेला कोयतावाल्यांचे पडाव पडले होते : काठ्या, प्लास्टिक, चूल आणि उघडी मुले. सोनगड हे गायकवाड घराण्याचे जुने ठाणे, किल्ला दुरूनच दिसतो. तिथून डोसवाड्याच्या धरणाकडे वळलो. मिंढोळा नदीवरचे ते पाणी सकाळी अगदी शांत होते. पुढे सागाचे जंगल लागले. पाने गळून वाटेवर पसरली होती, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. मधूनमधून पळस पेटलेला. मोहाच्या झाडाखाली बायका जागा झाडून ठेवत होत्या, म्हणजे पडलेली फुले वेचायला सोपी. मग एका चढावर अचानक समोर उकाईचे पाणी आले. सरोवरच ते, पलीकडचा काठ धुक्यात हरवलेला. आमच्यातल्या एका मुलाच्या तोंडून आपोआप निघाले, "स्तुती असो!"

आम्ही पाण्याच्या कडेकडेने पुढे गेलो. पाणी ओसरून जी जमीन उघडी पडते, तिच्यात लोक गाळपेर करतात. लहान होड्या, वाळत घातलेली जाळी, शेळ्या. एका वस्तीवर हातपंप दिसला म्हणून थांबलो. समोरच्या घराच्या दारावर चुन्याने क्रूस काढलेला होता. आम्ही सलाम केला, तसे पासष्टीचे एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवले, पाणी दिले, मग काळा चहा दिला. ते गामीत समाजाचे. आपल्याकडे नवापूरला ज्यांना गावीत म्हणतात, तेच लोक. १९६० साली दोन राज्ये झाली आणि एकाच कुळातले भाऊ दोन बाजूंना राहिले. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात तर ती हद्द फलाटावरून जाते. एका बाकावर बसलेले दोघे दोन राज्यांत बसलेले असतात.

मी विचारले, "बाबा, तुमचे गाव हेच का?"

त्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. "आमचं गाव तिथं. आत."

१९७२ साली धरण पूर्ण झाले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. गुजरातमधली आणि त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातली मिळून शंभराहून अधिक गावे या पाण्याने घेतली. बाबांच्या गावात कुडाच्या भिंतींचे प्रार्थनाघर होते. निघताना लोकांनी त्याची दारे खांद्यावर आणली. आजोबांची कबर मात्र आणता येत नव्हती. ते हे सगळे सांगत होते, पण आवाजात कडूपणा नव्हता. मध्येच थांबून त्यांनी मला विचारले, "सुरतेत हे पाणी गोड लागतं का?"

मी म्हणालो, "हो बाबा, गोड आहे."

"मग बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा बोलले, "पुराच्या साली रेडिओवर ऐकलं, तुमच्याकडं पाणी शिरलं. आम्ही इथं तीन रात्री प्रार्थनेला बसलो होतो. आम्हाला ठाऊक आहे ना, घरात पाणी येतं तेव्हा काय होतं."

प्रियांनो, आम्ही पाचही जण गप्प झालो. २००६ साली आम्ही वाचलो, त्याची साक्ष मंडळीत किती जणांनी दिली आहे! आमच्यासाठी कोणी प्रार्थना केली असेल, तर ती परदेशातल्या मंडळ्यांनी, मोठ्या शहरांतल्या सेवकांनी, असेच आम्ही धरून चाललो होतो. ज्यांचे घर आमच्या पाण्याखाली गेले, ते आमच्यासाठी गुडघे टेकून बसले होते हे आम्हाला माहीत नव्हते.

परतीच्या वाटेवर मला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय आठवत राहिला. दावीद अदुल्लामच्या गुहेत होता, बेथलेहेम पलिष्ट्यांच्या ताब्यात होते. त्याला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची आठवण झाली. त्याचे तीन वीर शत्रूची छावणी फोडून गेले आणि ते पाणी घेऊन आले. पण दावीद ते प्याला नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे रक्तच त्याला त्यात दिसले. त्याने ते पाणी परमेश्वरासमोर ओतले.

लहानपणी शब्बाथ शाळेत मला वाटायचे, एवढ्या कष्टाने आणलेले पाणी दाविदाने वाया का घालवले? आता वाटते, त्याने ते वाया घालवले नाही. त्याने त्याची किंमत ओळखली. जे दुसऱ्याच्या जिवावर आपल्यापर्यंत आले, ते आपल्या हक्काचे समजून घटाघटा पिता येत नाही. ते आधी देवाच्या हाती द्यावे लागते, मग त्याच्याकडून दान म्हणून घ्यावे लागते. प्रभुभोजनाच्या मेजाशी आपण दर महिन्याला हेच करतो ना? तिथल्या प्याल्याची किंमत कोणी दिली, हे आठवल्याशिवाय आपण तो ओठाला लावत नाही.

नळाचे पाणी जमिनीवर ओता असे मी म्हणत नाही. उलट एक थेंबही ओतू नका. पण आपल्या मंडळीतली निम्मी घरे नंदुरबार-नवापूरकडून आलेली आहेत. ही बुडालेली गावे आपल्या नात्यातलीही आहेत. त्याच भागातली माणसे ऊसतोडीला येतात, आपल्या उधना-लिंबायतमधल्या बांधकामांवर विटा वाहतात. आपल्या दाराशी येऊन ती पाणी मागतात, तेव्हा आपण बाहेरचा प्लास्टिकचा मग पुढे करतो की घरातला पेला? ही लहान गोष्ट नाही. पाणी त्यांच्याच अंगणातून आले आहे.

पाळकसाहेबांपुढे मी एक विनंती ठेवली आहे. कापणीच्या सणाला आपण भात, भाज्या, फळे आणून वेदीपुढे ठेवतो. या वर्षी त्यांच्याबरोबर पाण्याने भरलेला एक साधा माठ ठेवावा आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या गावांची आठवण करावी. त्या वस्तीतल्या बाबांनाही बोलवायचे आहे. त्यांनी आमच्यासाठी तीन रात्री दिल्या, आपण त्यांच्यासाठी एक सकाळ द्यावी.

चला, प्रार्थना करू या.

हे प्रभू, डोंगर, वने आणि जळे तुझी आहेत. त्यांचे सौंदर्य पाहण्यास तू डोळे दिलेस, म्हणून तुझे आभार. त्या सौंदर्याखाली जे दडले आहे तेही पाहण्यास आम्हाला शिकव. ज्यांनी आमच्यासाठी घर सोडले, त्यांना तुझ्या घरात कायमची जागा दे. आणि उद्या सकाळी आम्ही नळ उघडू, तेव्हा आमचे हृदयही उघड. आमेन.