जर्सी: गाय, बटाटे आणि तोंडावर बोट

आपल्याकडे जर्सी दोन प्रकारची. एक थंडीत अंगात घालायची आणि दुसरी गोठ्यात बांधायची. नगर किंवा कोल्हापूरकडच्या दूध उत्पादकाला विचारा, संकरित जर्सी काय खाते, किती दूध देते, कधी आटते, सगळं तोंडपाठ. पण बीकेसी किंवा हिंजवडीत फंड अकाउंटिंगच्या शिफ्ट करणाऱ्यांना तिसरी जर्सीही भेटते. एक्सेल शीटमध्ये, ‘डोमिसाइल’ नावाच्या रकान्यात. तिन्हींचं माहेर एकच. फ्रान्सच्या किनाऱ्यापासून जेमतेम २२ किलोमीटरवर असलेलं, सुमारे १२० चौरस किलोमीटरचं एक बेट. लोकसंख्या लाखाच्या किंचित वर. म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव.

लंडनहून विमानानं तासाभरात तुम्ही तिथे पोचता आणि पहिल्या दिवशी प्रेमातच पडता. अरुंद हिरव्या गल्ल्या, त्यांना नावही ‘ग्रीन लेन’. तिथे गाडी ताशी १५ मैलांवर न्यायची नाही, आणि बाकी बेटावरही ४० मैलांच्या वर कुठेच नाही. समुद्राकडे उतरणाऱ्या तिरक्या शेतांत जर्सी रॉयल बटाटे. हे बटाटे नुसते उकडून लोण्यात घोळवून खायचे. आपल्याकडच्या बटाट्याच्या भाजीचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, तोड नाही! गाईंचं तर विचारूच नका. बाहेरच्या गुरांना बेटावर बंदी घालणारा कायदा १७८९ चा. परदेशी वळूचं वीर्य आणायला परवानगी मिळाली ती थेट २००८ साली. आपल्याकडच्या संकरित जर्सीचं हे सोवळ्यातलं आजोळ.

बेटाला नोटाही स्वतःच्या. इंग्लंडमध्ये इतिहासजमा झालेली एक पौंडाची कागदी नोट इथे अजून खिशात खुळखुळत नाही, घडी घालून राहते. फक्त परतताना ती संपवून या, लंडनमधला दुकानदार घेईलच असं नाही. कारण जर्सी हा युनायटेड किंगडमचा भाग नाहीच. ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीतलं हे बेट, पण कायदे स्वतःचे आणि करही स्वतःचे.

इथे खरी गोष्ट सुरू होते. आयकर २० टक्के, आणि हा दर १९४० पासूनचा. भांडवली नफ्यावर कर नाही, वारसा कर नाही. बहुतेक कंपन्यांना कर शून्य, वित्त क्षेत्रातल्यांना १० टक्के. (२०२५ पासून बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना १५ टक्के लागू झालाय, पण तो जगभराच्या रेट्यामुळे.) बाहेरून येऊन राहणाऱ्या अतिश्रीमंतांसाठी खास सोय: ठरावीक उत्पन्नापर्यंत २० टक्के, त्यावर जे काही असेल त्यावर १ टक्का. एक टक्का! आपल्या सॅलरी स्लिपकडे बघून उगाच उसासा टाकू नका.

मराठी पेपरात याला ‘करबुडव्यांचं नंदनवन’ म्हणतात. इंग्रजी शब्द मात्र ‘हेवन’ आहे, म्हणजे बंदर, आसऱ्याची जागा. सेंट हेलियर या राजधानीतल्या एस्प्लनेडवरून चाललं की तो शब्द पटतो. एकेका दारावर बँका, ट्रस्ट कंपन्या, वकील, ऑडिटर. बेटाच्या अर्थव्यवस्थेचा सुमारे दोन-पंचमांश वाटा याच धंद्याचा. म्हणजे एका घरातला मुलगा बँकेत नसला तर सून ट्रस्ट कंपनीत, आणि भाऊ त्यांच्या ऑफिसांची रंगरंगोटी करणारा.

अशा गावात धंद्याबद्दल वाईट कोण बोलणार?

रॉयल स्क्वेअरमध्ये जरा थांबा. चौकात सोनेरी मुलाम्याचा राजा दुसरा जॉर्ज उभा आहे, रोमन सम्राटाच्या वेशात. बाजूलाच न्यायालय आणि ‘स्टेट्स’ म्हणजे बेटाचं विधिमंडळ. आपल्याकडे बेलिफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन दारात येणारा माणूस. इथे बेलिफ हा सर्वात मोठा न्यायाधीश, आणि परंपरेनं विधिमंडळाचा अध्यक्षही तोच. एकाच खुर्चीत दोन्ही कामं. लहान गावात हे चालून जातं, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणूनच कुणी कुणाविरुद्ध बोलत नाही.

याच गावात १९८७ पासून जॉन क्रिस्टेन्सन नावाचे सरकारी आर्थिक सल्लागार होते. बाहेरचे कुणी टीकाकार नव्हेत, जर्सीचेच सुपुत्र, आतले माणूस. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या पहिल्या पानावर जर्सीबद्दल एक लेख झळकला. विषय होता कँट्रेड या स्विस मालकीच्या खासगी बँकेचा. चलनाच्या सट्ट्यात एका दलालानं परदेशी गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर घालवले होते, आणि कागदावर मात्र नफा दाखवला जात होता. बेटावरच्या नियामकांनी आणि राजकारण्यांनी यात काय केलं, यापेक्षा काय केलं नाही, यावर लेखाचा रोख होता. बातमीदाराशी बोलणाऱ्यांमध्ये क्रिस्टेन्सनही होते. पुढे त्यांनी ते स्वतःच उघड सांगितलं.

तुम्ही म्हणाल, परदेशी पेपरकडे कशाला जायचं? गावातल्या पेपरात छापायचं की. तर गावात दैनिक एकच, १८९० पासूनचं ‘जर्सी इव्हिनिंग पोस्ट’. ते ज्या कंपनीचं होतं, तिचे प्रमुख तेव्हा विधिमंडळाचे सदस्य होते. तेच पुढे २००५ मध्ये बेटाचे पहिले मुख्यमंत्री झाले. पेपरनं अमुक बातमी दाबली असा आरोप मी करत नाही. पण घरातलं भांडण घरातच सोडवावं असं म्हणणाऱ्या घरात न्यायाधीश, सभापती, मालक आणि संपादक हे सगळे एकाच पंगतीला बसत असतील, तर माणूस शेवटी खिडकी उघडून बाहेरच्याला हाक मारतो.

आणि हाक मारली की काय होतं? तुरुंग वगैरे काही नाही, हे युरोप आहे. इथे वागणूक बदलते. क्रिस्टेन्सन यांच्याकडे घरभेदी म्हणून पाहिलं जाऊ लागलं. ज्या धंद्यावर सगळ्यांची चूल पेटते त्याची अब्रू परक्यांच्या पेपरात काढली, हा गुन्हा. लेखात लिहिलंय ते खरं की खोटं, हा प्रश्न मागे पडला. कुणी सांगितलं, हा पुढे आला. (हे वाचताना आपल्या सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग आठवली तर तो योगायोग समजावा.) १९९८ मध्ये त्यांनी बेट सोडलं.

त्याच १९९६ मध्ये विधिमंडळातही एक नाट्य रंगलं. प्राइस वॉटरहाउस आणि अर्न्स्ट अँड यंग या बड्या फर्म्सना आपल्या भागीदारांची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा हवा होता. ब्रिटनमध्ये तो मिळेना, म्हणून जर्सीत तो झटपट करून घ्यायचा घाट घातला गेला. स्टुअर्ट सिव्हरेट या तरुण सदस्यानं एका ज्येष्ठ सिनेटरच्या हितसंबंधांवर बोट ठेवलं आणि शब्द मागे घ्यायला नकार दिला. शिक्षा म्हणून त्यालाच काही महिने सभागृहाबाहेर काढलं. कायदा मंजूर झाला. गंमत म्हणजे त्या फर्म्स जर्सीला आल्याच नाहीत. बेटाचा धाक दाखवून त्यांनी ब्रिटनलाच २००० मध्ये तसा कायदा करायला लावला, असंच आजही अनेक जाणकार मानतात. जर्सीच्या वाट्याला आलं ते भांडण.

आता बेटाची बाजू. ती निव्वळ बनवाबनवी आहे असं मला वाटत नाही. ते म्हणतात, आम्ही पैसा लपवत नाही, तो फक्त आमच्याकडून जातो. गुंतवणूकदारानं आपापल्या देशात कर भरावा, आम्ही मध्ये दुसरा कर लावत नाही. माहिती मागा, आम्ही देतो. २०११ मध्ये भारताशीही करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला. २०२० मध्ये नायजेरियाचा हुकूमशहा सानी अबाचा यानं लुटलेले ३० कोटींहून अधिक डॉलर परत करण्याचं ठरलं, ते जर्सीतूनच. मान्य. पण तो पैसा मुळात तिथे पोचला कसा, हा प्रश्न उरतो. आणि २०१७ च्या ‘पॅराडाइज पेपर्स’मध्ये ॲपलच्या दोन आयरिश उपकंपन्या जर्सीच्या आसऱ्याला गेल्याचं निघालं, तेव्हाही ते जगाला कळलं पत्रकारांकडून.

नियामक यंत्रणेचंच पाहा. वित्त क्षेत्रावर देखरेख करणारा स्वतंत्र आयोग जर्सीत सुरू झाला १९९८ मध्ये. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या पाहणीचा अहवाल आला आणि कँट्रेडनं जर्सीच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. म्हणजे राजकारण्यांपासून वेगळा पहारेकरी हवा हे बेटानं मान्य केलं, बँक दोषी ठरली, आणि ज्यांनी तोंड उघडलं होतं ते मात्र बोटीत बसले होते. २००३ मध्ये क्रिस्टेन्सन यांनी ब्रिटनमध्ये ‘टॅक्स जस्टिस नेटवर्क’ उभं केलं. आज टॅक्स हेवनबद्दल जगात कुठेही चर्चा झाली की या संस्थेचं नाव निघतं. तिच्यामागे आग्रह होता तो जर्सीतच राहणाऱ्या काही वयस्कर नागरिकांचा. म्हणजे गावात सगळेच गप्प नव्हते. पेन्शन सुरू झाल्यावर बोलायला थोडं सोपं जात असावं.

नोकरीच्या वयात ते का जड जातं? बाहेरून आलेल्याला बेटावर मनासारखं घर विकत किंवा भाड्यानं घ्यायचा पूर्ण हक्क मिळायला १० वर्षं काढावी लागतात. घरांचे भाव ऐकले तर मुंबईकरालाही घाम फुटेल. कर्ज बँकेचं, नोकरी बँकेतली, शेजारी बँकेतला. अशा वेळी पत्रकाराचा फोन आला तर तुम्ही काय कराल? मी काय करीन ते मला माहीत आहे, आणि ते फारसं शूर नाही.

तसा हा रोग जुना आहे. सेंट हेलियरच्या पूर्वेला ल डिकच्या किनाऱ्यावर एक खडक आहे, ‘निर्वासितांचा खडक’. तिथे व्हिक्टर ह्यूगो बसायचे. फ्रान्सच्या सम्राटाशी वैर घेऊन ते १८५२ मध्ये जर्सीत आसऱ्याला आले. १८५५ मध्ये इथल्या फ्रेंच निर्वासितांच्या ‘लोम’ या पत्रानं राणी व्हिक्टोरियावर टीका करणारा मजकूर छापला. पत्राच्या मंडळींना हाकललं. त्याचा निषेध करणाऱ्या पत्रकावर ह्यूगोंनी सही केली, तर त्यांनाही हाकललं. ते शेजारच्या गर्न्झी बेटावर गेले. १८६० मध्ये जर्सीकरांनीच त्यांना भाषणासाठी सन्मानानं परत बोलावलं. आता त्या खडकापाशी त्यांचं स्मारक आहे आणि पर्यटक फोटो काढतात.

रॉयल स्क्वेअरमध्येही खाली बघून चाला. १९४० ते ४५ या काळात बेट जर्मनांच्या ताब्यात होतं. तेव्हा फरशा दुरुस्त करणाऱ्या एका गवंड्यानं त्यांच्या नाकावर टिच्चून विजयाचा ‘व्ही’ दगडात बसवला. पुढे रेडक्रॉसचं ‘व्हेगा’ जहाज अन्न घेऊन आलं, तेव्हा त्याच अक्षराला जोडून जहाजाचं नाव पुरं करण्यात आलं.

जायचं तर मे महिन्यात जा. ९ मे हा मुक्तिदिन, आणि बटाट्यांचाही हंगाम. एलिझाबेथ कॅसलला ओहोटीत चालत जाता येतं, पण भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरपर्यंत जातो, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. उशीर झालाच तर पाण्यातून चालणारी गाडी आहे, तिचं तिकीट मात्र पडतं.