लाल त्रिकोणाची बाटली

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कुणाच्याही घरी गेलो आणि पाण्याचा तांब्या पुढे आला, की मी आधी वास घेतो, मग एक घोट जिभेवर फिरवतो आणि मगच गिळतो. राकसकोपचे पाणी कोणते, हिडकलचे कोणते आणि परसातल्या आडाचे कोणते, हे मी डोळे मिटून सांगत असे. ‘‘लोकांच्या घरात जाऊन असं हुंगतासा काय? त्यास्नी काय वाटंल?’’ असे सौभाग्यवतीने निदान हजार वेळा तरी बजावले असेल. खोड गेली नाही.

फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडणाऱ्या वडीलधाऱ्या वाचकांनी म्हणूनच नाक मुरडू नये. मी पिणाऱ्यांतला नव्हे. पण बीअर म्हणजे शंभरातले नव्वदाहून अधिक भाग पाणीच, आणि पाणी म्हटले की मला राहवत नाही. शिवाय ज्या बीअरविषयी मी लिहितो आहे, तिच्याशी माझी ओळख नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच झाली होती, तीही एका काचेच्या नळीत.

पाण्यात नायट्राइट आहे का, हे पाहायची एक जुनी परीक्षा आहे. नमुन्यात दोन द्रावणे घालायची आणि थांबायचे. नळीत गुलाबी रंग चढू लागला, की समजायचे कुठेतरी गटार जलवाहिनीला भेटले आहे. ही ग्रीसची परीक्षा. आमचे वरिष्ठ हौशी होते. त्यांनी सांगितले, की हा पीटर ग्रीस जर्मन रसायनशास्त्रज्ञ, आणि १८६२ पासून तो नोकरीला होता इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावी, ऑलसॉप नावाच्या बीअरच्या कारखान्यात! १८८८ साली वारला तोवर तिथेच होता. कापडाच्या रंगांचा एक मोठा धंदा ज्या रसायनांवर उभा राहिला, ती ह्याने शोधली, आणि पोट भरले ते बीअर तपासून. एका दारूच्या कारखान्यातल्या माणसाची युक्ती बेळगावचे पिण्याचे पाणी राखत होती, याची मला तेव्हा फार गंमत वाटली. बर्टन हे नाव डोक्यात बसले ते तेव्हा.

ह्या बर्टनचे पाणी मोठे विलक्षण. ट्रेंट नदीचे नव्हे, जमिनीखालचे. तिथे खाली जिप्समचे, म्हणजे आपल्या चिरोडीचे थर आहेत. हीच चिरोडी भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात आणि त्याचे गणपती होतात. त्या थरांतून झिरपलेल्या पाण्यात सल्फेटचे प्रमाण लिटरमागे सहाशे मिलिग्रॅमच्याही वर असते. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात दोनशे बरे आणि दुसरे पाणीच नसेल तर चारशेपर्यंत चालवून घ्यावे असे आहे. म्हणजे बर्टनच्या विहिरीचा नमुना माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्यावर तांबड्या शाईने ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा मारला असता! पण तेच पाणी बीअरला मानवते. कॅल्शियममुळे किण्व नीट काम करते आणि गाळ खाली बसतो. सल्फेटमुळे हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा कोरडा, स्वच्छ लागतो. लंडनचे पाणी कार्बोनेटचे. त्यात काळी पोर्टर छान होई. फिकट बीअर साधायला बर्टनच हवे.

ही फिकट बीअर, पेल एल, आपल्या देशाशी कशी बांधली गेली तेही थोडक्यात सांगतो. लंडनच्या गोदीजवळच बो इथे हॉजसन नावाचा बीअरवाला होता. कंपनीच्या जहाजांतून त्याची पिंपे मुंबई-कलकत्त्याला येत. आफ्रिकेला वळसा, दोनदा विषुववृत्त, चारसहा महिन्यांचा प्रवास. आणि ही बीअर त्यात नासण्याऐवजी मुरून यायची. हिंदुस्थानसाठी मुद्दाम ती शोधून काढली ही गोष्ट लोकांना आवडते, पण खरी नाही. ती आधीपासून होतीच, प्रवासाने तिचे नशीब उघडले. पुढे १८२२ साली रशियाने जकात वाढवल्यावर बर्टनवाल्यांचा तिकडचा व्यापार बुडाला आणि ऑलसॉप, मग बास, हिंदुस्थानकडे वळले. हॉजसन मागे पडला. कारण पाणी!

बास म्हणजे विल्यम बासने १७७७ साली काढलेला कारखाना. शंभर वर्षांत तो जगातला सर्वांत मोठा झाला. इंग्लंडात व्यापारचिन्हांची नोंद १ जानेवारी १८७६ ला सुरू झाली, त्यातला पहिल्या क्रमांकाचा धनी म्हणजे बासचा लाल त्रिकोण. मानेने १८८२ साली पॅरिसच्या एका मद्यगृहाचे चित्र काढले, त्यातही टेबलावर लाल त्रिकोणाच्या बाटल्या आहेत. आता आमच्या पिढीच्या सरकारी नोकराला लाल त्रिकोण म्हटले की कुटुंबनियोजनाची भिंत आठवणार; पण तो उलटा, टोक खाली. बासचे टोक वर आहे.

नावाचे आणखी काय सांगावे! बाटली पाहून सौ. म्हणाली, ‘‘त्येनंच लिवलंय की वर, बास म्हणून. मग कशाला उघडतासा?’’

ती बाटली उघडली अमेरिकेत, पण त्याआधी मूळ चव मी चाखली होती. २०१४ च्या उन्हाळ्यात डर्बीला पुतण्याकडे गेलो होतो. तिथून बर्टन आगगाडीने पाव तासावर. एका जुन्या पबमध्ये त्यांनी पिंपाच्या तोटीखाली जग धरून बास काढून दिली. थंडगार नव्हती, आपल्या माठातल्या पाण्याइतकी गार. फेस बेताचा. पहिल्यांदा नाकाला आला तो नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा वास, मग भाजलेल्या पावाच्या कडेचा, आणि घोट उतरल्यावर टाळ्याला कोरडा कडूपणा, कारल्याचा नव्हे, संत्र्याच्या सालीच्या जातीचा. तो आगकाडीचा वास म्हणजे माझे सल्फेट! जुना दोस्त भेटावा तसे वाटले. पिंपात किण्व जिवंत असते, त्यामुळे तीनचार दिवसांत ती संपवावी लागते असे तिथल्या बाईंनी सांगितले. नासू शकते ती जिवंत, हे दुधामुळे आपल्याला ठाऊक आहेच.

मात्र बर्टनमध्ये असूनही ती बीअर बासच्या स्वतःच्या कारखान्यातली नव्हती. २००० साली बेल्जियमच्या इंटरब्रूने बासचा बीअरचा धंदा घेतला. एकाच्या हाती फार एकवटते म्हणून ब्रिटिश सरकारने त्यातला भाग विकायला लावला. २००२ साली बर्टनचा कारखाना अमेरिकेच्या कूर्सकडे गेला आणि ‘बास’ हे नाव इंटरब्रूकडे राहिले. वाटणीत घर थोरल्याला आणि आडनाव धाकट्याला, असला प्रकार. २००५ पासून पिंपातली बास गावातल्याच मार्स्टन्सकडून कंत्राटाने करून घेऊ लागले. अमेरिकेतली बास मात्र पुढे अमेरिकेतच होऊ लागली.

डर्बीहून मी परतलो आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमच्या गावाचे कागदोपत्री नाव बदलले. त्यावर इथे लिहिण्यासारखे तुम्हांला नवे काही नाही. एवढेच म्हणतो, की आमचे नाव बदलले आणि नळाला पाणी राकसकोपचेच राहिले. बासचे उलट. नाव तेच, त्रिकोण तोच, पाणी निराळे.

२०१६ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे लेकीकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला गेलो. जावई धारवाडचा, घरी कन्नड. २०१२ साली लग्न झाले तेव्हा दोन्हीकडच्या नातलगांत काय काय बोलणे झाले ते सीमाभागातल्या वाचकाला मी सांगायला नको. आम्हां दोघांत वाकडे काही नव्हते. पण सरळही फारसे काही नव्हते. मी त्याच्याशी माझ्या बाजारी कन्नडात बोलायचो, तो माझ्याशी जपून मराठीत, आणि दोघांचेही विषय दोन: हवा आणि विमानाची वेळ. तिथले पाणी मात्र अप्रतिम. स्कॅनिएटलस नावाच्या तळ्याचे पाणी न गाळता शहराला देतात. मी सारखे तेच पितो हे पाहून एके दिवशी जावयाने विचारले, ‘‘मामा, तुम्ही पाण्यात एवढं काय बघता?’’ मी बर्टनची कथा सांगितली. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून तो सहा बाटल्यांचे खोके घेऊन आला. लाल त्रिकोण! खाली बारीक अक्षरात गाव: बाल्डविन्सव्हिल, न्यूयॉर्क. सिरॅक्यूजपासून मोटारीने जेमतेम अर्धा तास.

आता चव. फ्रिजमधून काढल्या काढल्या तिला चव म्हणून काही नव्हती, पण ते थंडीने कुठल्याही बीअरचे होते. अर्धा तास बाहेर ठेवली तेव्हा बोलू लागली. रंग सुरेख, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा. वास करपू न दिलेल्या साखरेचा. गोडसर, गुळगुळीत, कुठेही न बोचणारी. कडूपणा येतो, नमस्कार करतो आणि निघून जातो. आगकाडी नाही. वाईट म्हणता येणार नाही. लाखो लोकांना रोज एकाच चवीने मिळावी अशी बांधून केलेली वस्तू होती ती. कारखाना मोठा म्हणून बीअर वाईट, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. १८७७ साली बासहून मोठा कारखाना जगात नव्हता आणि तेव्हाच तिची कीर्ती सर्वांत जास्त होती. मला प्रश्न वेगळा पडला. हिच्यात उणे काय आहे? पाणीच ना? मग ते तर घालता येईल.

बर्टनचे पाणी नसलेल्या बीअरवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच ही युक्ती काढली होती. आपल्या पाण्यात चिरोडी घालायची की झाले बर्टन. घरी बीअर करणाऱ्यांच्या दुकानात अमेरिकेत ‘बर्टन वॉटर सॉल्ट्स’ नावाची पुडीच मिळते. जावयाने ती आणली. गावाचे पाणी पुडीत!

मग आम्ही प्रयोग मांडला. चाकूच्या टोकावर मावेल एवढी पूड दोन चमचे पाण्यात कालवून एका प्याल्यात, दुसऱ्यात तितकेच साधे पाणी, नाही तर तुलना खोटी. लेकीने पुडीच्या प्याल्याच्या बुडाला सौ.ची टिकली लावली आणि दोन्ही प्याले फिरवून आमच्यापुढे ठेवले. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उत्तर लिहायचे. मी चिठ्ठी लिहिताना जावयाने हात आडवा धरून माझ्याकडे पाठ केली, शाळेतल्यासारखी. दोघांचीही उत्तरे टिकलीवर पडली. कडूपणा खरोखरच वाळला होता, गोडी मागे सरली होती. डर्बीच्या रस्त्याला लागलो होतो.

पण पोचलो नव्हतो. तो आगकाडीचा वास नव्हता आणि भाजलेल्या पावाची कडही नव्हती. बाटलीतले किण्व गाळून काढलेले. तिथे जिवंत असे काही उरतच नाही. चिरोडी पुडीत मिळते. बर्टनच्या किण्वाला चार दिवस पिंपात जे करायचे असते, ते पुडीत मिळत नाही. (सौ.ने त्याच आठवड्यात तिथल्या दुधाचा कुंदा केला होता. तिचे म्हणणे, साखर-बिखर सगळे ठीक, पण म्हशीला विचारल्याशिवाय कुंदा होत नाही.) बर्टनमध्येही पुढे फारसे उरले नाही. तिथले बीअरचे संग्रहालय २०२२ साली बंद झाले आणि पिंपांच्या रांगांतून किण्व खेळवण्याची गावची जुनी पद्धत मार्स्टन्सकडे शेवटपर्यंत चालू होती, तीही २०२४ साली थांबली. तिथला एक संच थॉर्नब्रिज नावाच्या दुसऱ्या गावच्या छोट्या कारखान्याने नेला, एवढेच.

‘‘गडसु नीरु,’’ जावई एकदम म्हणाला. म्हणजे आपले जड पाणी. त्यांच्या धारवाडच्या घरातल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ कधी शिजत नसे, म्हणून त्याची आई डाळीपुरती घागर शेजारून आणायची. ‘‘ते हेच का, मामा?’’ हेच, म्हणालो. कॅल्शियममुळे डाळ घट्ट राहते. मग मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. विहीर किती खोल, उन्हाळ्यात चव बदलते का, भांड्याला पांढरा थर धरतो का. मराठी कधी सुटली आणि कन्नड कधी सुरू झाली ते कळले नाही. काही गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या, म्हणून त्याने सरळ आईला फोन लावला. इथे रात्रीचे नऊ, तिथे सकाळचे साडेसहा. फोन माझ्या हातात दिला. विहीणबाई चुलीपाशीच होत्या. चार वर्षांत ‘‘चेन्नागिद्दीरा?’’ पलीकडे आमचे बोलणे गेले नव्हते. त्या दिवशी वीस मिनिटे पाण्यावर बोललो. डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, म्हटले. त्या म्हणाल्या, घालून पाहिलाय, डाळ शिजते पण चव जाते.

फोन ठेवला तोवर दोन्ही प्याल्यांतला फेस पार बसला होता. सौ.ने टिकलीचा प्याला उचलला, माझ्यासारखाच नाकापाशी नेला आणि खाली ठेवला.

‘‘भाकरी करपल्याचा वास येतोय जरा,’’ ती म्हणाली, आणि प्याला पुन्हा नाकापाशी नेला.