न वाळणारी माती

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पेणला आला होता. मी गणपतीच्या कारखान्यात शाडू मळत बसलो होतो. तो मोबाइल पुढे धरून म्हणाला, "मामा, हात पूस आणि हे बघ." पडद्यावर मातीचा एक गोळा होता. मी बोट फिरवलं, तिथला भाग वर आला. पुन्हा फिरवलं, कपाळ झालं. दोन बोटांनी गोळा वळवला तर मागची बाजू दिसली, आणि तिथेही बोट चालत होतं! मळलेल्या मातीवर ओलं फडकं टाकायचं मी त्या संध्याकाळी विसरलो. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सकाळी माती वरून कडक झालेली होती आणि मी अजून मोबाइलच चाळत होतो.

त्या गोळ्याचं नाव स्कल्प्टजीएल. ब्राउझरमध्ये उघडतं आणि पैसे लागत नाहीत. स्तेफान जिनिए या माणसाने ते केलं आहे. नोमॅड स्कल्प्ट हे मोबाइल-टॅबलेटवरचं ॲपही त्याचंच. चार दिवस मी नुसते कान केले. गणपतीचे कान, सुपासारखे, काठाला मुरड असलेले. मग मात्र लहान पडद्यावर भागेना.

घरात बोलणं झालं आणि लॅपटॉपसकट सगळ्या खर्चाचा आकडा ठरला: पंधरा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. सिनेमावाले, खेळणीवाले वापरतात ते झीब्रश हे सॉफ्टवेअर त्या आकड्यात बसणारं नव्हतं. भाचा म्हणाला, "ब्लेंडर घे, फुकट आहे." फुकट म्हटल्यावर मला वाटलं, काहीतरी अर्धवट असणार. अजिबात नाही! 'फ्लो' हा लाटवियाचा चित्रपट, ज्याला २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, तो याच ब्लेंडरमध्ये केलेला आहे.

ते फुकट कसं झालं ही गोष्ट तर मी येईल त्या प्रत्येक माणसाला सांगतो. ब्लेंडर मुळात नेदरलँड्समधल्या टॉन रोझेंदाल यांचं. २००२ मध्ये ते चालवणारी कंपनी बंद पडली आणि सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांकडे अडकलं. ते मोकळं करण्याची किंमत ठरली एक लाख युरो. रोझेंदाल यांनी जगभरातल्या लोकांकडे वर्गणी मागितली. सात आठवड्यांत रक्कम जमली! १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरचा सगळा कोड सर्वांसाठी खुला झाला. आमचा धंदा ज्या उत्सवावर उभा आहे तो वर्गणीवरच चालतो. म्हणून हे ऐकलं तेव्हा वाटलं, आपल्याच मंडळाचं काम आहे हे.

जुना लॅपटॉप ११,५०० रुपयांना मिळाला. आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ब्लेंडरची नवी आवृत्ती टाकली तर ती उघडेचना. एक रात्र हळहळण्यात गेली. मग कळलं की ४.० पासून ग्राफिक्सची अट वाढली आहे, पण जुन्या आवृत्त्या ब्लेंडरच्याच साइटवर जपून ठेवलेल्या आहेत. ३.६ उतरवून घेतली. उघडली! नवीन फाइल घेताना 'स्कल्प्टिंग' निवडलं की समोर थेट गोळाच येतो. दिसायला राखाडी असतो. मॅटकॅप नावाची सोय आहे, तिथून मातीचा लालसर रंग दिला आणि मग हात चालू लागला.

आणि काय सांगू, ते सगळं मला आधीपासून येत होतं! क्ले स्ट्रिप्स नावाचा ब्रश आहे, तो पट्ट्यापट्ट्यांनी माती चढवतो, जशी आम्ही अंगठ्याने चढवतो तशीच. कंट्रोल दाबून तोच ब्रश फिरवला की माती निघते, ती झाली कोरणी. शिफ्ट दाबला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, तो झाला पाण्याचा हात. ग्रॅब म्हणजे मूठभर माती धरून सरकवणं. पितांबराच्या चुण्यांसाठी क्रीज. सुरुवातीला त्या पडद्यावरची शंभर बटणं पाहून छाती दडपते, पण मूर्तिकाराला त्यातली सात-आठ पुरतात. बाकीची मी आजही उघडलेली नाहीत.

एका गोष्टीने मात्र मला वेड लावलं, ती रीमेश. ही माती म्हणजे खरं तर बारीक चौकोनी तुकड्यांची जाळी असते. सोंड ओढून लांब केली की तिथले तुकडे ताणले जातात आणि मग त्यावर बारीक काम उमटत नाही. अशा वेळी कंट्रोल आणि आर दाबायचं. सगळी जाळी नव्याने, सारख्या मापाची विणली जाते. जणू कुणी माती पुन्हा मळून दिली, पण आकार मात्र जागच्या जागी! ही सोय २०१९ च्या २.८१ या आवृत्तीत आली. पहिल्या रात्री मी तीसेक वेळा तरी ते दाबलं असेल, गरज नसतानाही. एकदा त्याने सोंड पोटाला चिकटवून टाकली, कारण रीमेश करताना एकमेकांत शिरलेले भाग एक होऊन जातात. ओल्या शाडूचंही तेच होतं. तेव्हापासून पोट आणि सोंड मी वेगळे ठेवतो आणि शेवटी जोडतो.

समरूपतेचं बटण असतं. एक्स चालू ठेवला की डाव्या गालावर जे कराल ते उजव्या गालावर आपोआप होतं. दोन्ही डोळे एका मापाचे यावेत म्हणून सुतळी धरून मोजणारा माणूस मी, हे पाहून खुर्चीतून उठलोच! पण आपला देव एकदंत. एक दात पूर्ण, एक मोडका, आणि सोंड एका बाजूला वळलेली. म्हणजे मुखाचं काम अर्ध्यावर आलं की एक्स बंद करायचा, आणि तिथून पुढे हातानेच तोलायचं. ती वेळ ओळखणं यातच खरं कसब आहे असं माझं मत झालं आहे. बंद करायला उशीर झाला तर मूर्ती साच्यातून काढल्यासारखी निर्जीव दिसते.

महिनाभर २५० रुपयांच्या माउसवर काम केलं. माउसला दाब कळत नाही, म्हणून ब्रशची ताकद अगदी कमी ठेवून थरावर थर द्यावा लागतो. शिकायला ते चांगलंच, हात घाई करत नाही. मग १,९०० रुपयांना एक वापरलेली पेन टॅबलेट मिळाली. पेन दाबलं की खोल, सैल सोडलं की पुसट. पहिली भुवई त्या पेनने ओढली तेव्हा आखणीची कुंचलीच हातात आल्यासारखं वाटलं. एकूण खर्च १३,६५० रुपये. लॅपटॉप पाच-सहा लाख तुकड्यांच्या पुढे धापा टाकतो. म्हणून आधी ठोकळ रूप, मग बैठक, आणि दागिन्यांचं बारीक काम सगळ्यात शेवटी. कारखान्यातला क्रमही हाच.

एकाच मूर्तीच्या मी आता तीन फाइली ठेवल्या आहेत. एकीत सोंड डावीकडे, एकीत उजवीकडे, एकीत मान किंचित खाली. मातीत यातली एकच उरते, बाकीच्या दोन परत मळाव्या लागतात. शाडू सुटलेली नाही, सुटणारही नाही. ओल्या मातीचा वास पडद्याला येत नाही. पण नवी बैठक मनात आली की ती आधी रात्री लॅपटॉपवर चारही बाजूंनी फिरवून बघतो आणि सकाळी मातीला हात घालतो. तोल कुठे जाणार ते आधीच दिसलेलं असतं.

पेणमध्ये, हमरापूरला, जोह्याला, कोकणात, गोव्यात, जिथे कुठे मूर्ती घडते तिथल्या प्रत्येक कारागिराला माझी कळकळीची विनंती आहे. घरात मुलांचा जुना लॅपटॉप पडलेला असेल तर तो आज उघडा. ब्लेंडरची फाइल साधारण तीनशे एमबीची आहे. नवी आवृत्ती चालली नाही तर ३.६ घ्या. टॅबलेटसाठी थांबू नका, माउसने सुरुवात करा, आणि पहिल्या दिवशी फक्त एक कान करा.