नाताळ, लंडन आणि न जुळलेल्या गोष्टी

रिचर्ड कर्टिस यांच्या डोक्यात सुरुवातीला दोन स्वतंत्र चित्रपट होते. एकात ब्रिटनचा अविवाहित पंतप्रधान आपल्याच निवासस्थानी चहा आणून देणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडणार होता. दुसऱ्यात एक लेखक फ्रान्समध्ये घर घेऊन राहणार होता आणि जिची भाषा कळत नाही अशा पोर्तुगीज मदतनीस मुलीत गुंतणार होता. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ (१९९४) आणि ‘नॉटिंग हिल’ (१९९९) लिहिणाऱ्याला अशी एकेक गोष्ट दोन तास रंगवणं अवघड नव्हतं. पण लिहिता लिहिता ते वैतागले. त्यांनी दोन्ही गोष्टी आखूड केल्या, भोवती आणखी सात-आठ गोष्टी रचल्या आणि २००३ मध्ये ‘लव्ह अ‍ॅक्च्युअली’ आला. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट.

एवढ्या गोष्टी सव्वादोन तासांत बसवायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा मिनिटंही धड येत नाहीत. मग प्रेक्षकाचा धागा तुटत का नाही? पटकथा शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी या चित्रपटातलं कॅलेंडर बघायला सांगतो. नाताळला पाच आठवडे उरले असल्याची पाटी येते, मग चार, मग तीन. म्हातारा रॉकगायक बिली मॅक आपलं जुनं गाणं नाताळच्या नावाने पुन्हा विकतो, तेही नाताळच्या आठवड्यात गाणं पहिल्या क्रमांकावर आणायच्या त्या खास ब्रिटिश शर्यतीसाठी. म्हणजे उलटी मोजणी त्याच्या धंद्यातच आहे. बिल नाय यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा बाफ्टा मिळाला. पण त्या भूमिकेचं हे दुसरं काम, साऱ्या गोष्टींना एका तारखेकडे हाकत नेण्याचं, सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

तरी चित्रपट टिकला तो कॅलेंडरवर नव्हे. तो टिकला कॅरनमुळे.

कॅरनला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सोन्याचा हार सापडतो. तो आपल्यासाठीच असणार, असं ती धरून चालते. प्रत्यक्षात तिच्या भेटीच्या डब्यातून निघते जोनी मिचेलची सीडी. इथली लेखणी पाहण्यासारखी आहे. जोनी मिचेल तिची जीव की प्राण गायिका आहे, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. म्हणजे भेट बेफिकिरीने आणलेली नाही. बायकोला पुरती ओळखणाऱ्या माणसाने आणलेली आहे, आणि घाव त्यामुळेच खोल जातो. एमा थॉम्पसन झोपण्याच्या खोलीत जाऊन उभ्या राहतात, डोळे पुसतात, पलंगावरची चादर सारखी करतात आणि मुलांकडे परततात. एक शब्द नाही. मुलांचं शाळेत नाटक आहे, निघायला हवं.

त्याच शाळेत कर्टिस सगळ्यांना गोळा करतात. पंतप्रधान कॅरनचा भाऊ. त्याची प्रेयसी त्याच सभागृहात. आई गमावलेला छोटा सॅम जिच्यासाठी ड्रम शिकला ती मुलगीही त्याच मंचावर गाते. पडदा अवेळी वर जातो, चुंबन उघडं पडतं, सभागृह टाळ्या वाजवतं, आणि कार्यक्रम संपल्यावर कॅरन नवऱ्याला जाब विचारते. एकाच छपराखाली एकाचं जुळतं आणि दुसरीचं विस्कटतं. लॉरा लिनीची सारा तर आजारी भावाच्या फोनपायी आपलं प्रेम हातचं घालवते. या दोघी नसत्या, तर बाकीच्यांचं सुख बेगडी वाटलं असतं.

उणिवा आहेतच. मित्राच्या बायकोच्या दारात फलक दाखवून दिलेली प्रेमाची कबुली आज अनेकांना खटकते, आणि ती खटकायलाच हवी. पंतप्रधानाच्या प्रेयसीच्या वजनावरचे विनोद तर केविलवाणे आहेत. पात्रांमध्ये विविधता नाही, हे आता आपल्यालाही बोचतं, असं कर्टिस यांनी २०२२ मध्ये सांगितलं. मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती कापलेल्या कथेची: त्याच शाळेची मुख्याध्यापिका आणि तिची मरणासन्न जोडीदारीण. चित्रीकरण होऊनही ती कथा अंतिम संकलनात गळली. तिला जागा मिळाली असती, तर कॅरन आणि सारा यांच्या पंक्तीत ती शोभली असती.

हाच साचा निखिल अडवाणी यांनी ‘सलाम-ए-इश्क’मध्ये (२००७) वापरला. सहा जोड्या, मोठमोठे तारे आणि लांबी साडेतीन तासांहून जास्त. कथा कमी झाल्या आणि वेळ वाढला. पण नाताळची मोजणी गेली आणि प्रत्येक जोडीला आपापला थाटमाट लागला. जिची गोष्ट अर्ध्यावर सोडावी, अशी कॅरन तिथे कुणीच नव्हती. चित्रपट चालला नाही.

२०१७ मध्ये ‘कॉमिक रिलीफ’च्या मदतनिधीसाठी कर्टिस यांनी जुन्या पात्रांवर एक लघुपट केला. पंतप्रधान परतला, लेखक परतला, बिली मॅकही परतला. कॅरनच्या नवऱ्याची भूमिका करणारे अ‍ॅलन रिकमन जानेवारी २०१६ मध्ये गेले होते; त्यामुळे तुमच्यासाठी काही लिहिता येणार नाही, असं कर्टिस यांनी थॉम्पसन यांना कळवलं, आणि इतक्या लवकर ते दुःखद होईल, असं म्हणून थॉम्पसन यांनीही ते मान्य केलं. कॅरनचं पुढे काय झालं, ते त्या लघुपटात कुठेच नाही.