हरवलेला रफार

मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या माणसाचे संगणकाशी काय काम, असे मला पुष्कळ दिवस वाटत असे. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका साप्ताहिकाने आपले संकेतस्थळ सुरू करायचे ठरवले. मुद्रिते तपासण्याचे माझे जुनेच काम तेथेही माझ्याकडे आले आणि हा समज मोडला. साप्ताहिकाचे बरेच वाचक मुंबईत होते. टपालाने अंक पोहोचेपर्यंत गावची बातमी शिळी होई. कोकण आणि मुंबई यांचे हे नाते जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' हे मराठीतले पहिले वृत्तपत्र निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर आजच्या याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे.

संकेतस्थळ उभे करणारा मुलगा विशीतला होता. तो मला 'सर' म्हणे आणि शिकवी मात्र तोच. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येई, म्हणून प्रत्येक छायाचित्र आकाराने लहान करून घ्यावे लागे. एकदा आम्ही दशावताराची एक रात्र टिपली. रंगपटात तोंडाला रंग लावणारा कलावंत, पायपेटीवर बसलेला वादक, अशी दहा छायाचित्रे आणि त्यांना जोडून पखवाज-झांजेचा ध्वनी. मुंबईकरांनी कौतुकाची पत्रे पाठवली. चित्रांकडे आणि आवाजाकडे सर्वांचे लक्ष गेले. अक्षरांकडे कोणी पाहिले नाही. मीही नाही.

त्या काळचे मराठी फाँट हेही एक सोंगच होते. संगणक आतमध्ये इंग्रजीची चिन्हे साठवी आणि फाँट त्यांच्यावर मराठीचा पोशाख चढवी. ज्याच्याकडे तो फाँट नसे, त्याला पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमध्ये असे नाही. तेथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५, मग तो कोणत्याही फाँटात लिहा. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच युनिकोडमध्ये देवनागरी होती. आमच्या कार्यालयात ती पोहोचायला २००८ साल उजाडले.

मग जुन्या अंकांचा मजकूर एका रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणला गेला. मी नमुन्यादाखल दोन-चार पाने पाहिली आणि 'ठीक आहे' असा शेरा दिला. आजही तो शेरा मला टोचतो.

काही महिन्यांनी लालबागहून एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. "तुमच्या साप्ताहिकात माझ्या आईची निधनवार्ता आली होती. कात्रण घरात पाणी शिरले तेव्हा गेले. संकेतस्थळावर आईचे नाव शोधतो, तर काहीच सापडत नाही." मी आईचे नाव विचारले. "पार्वती," ते म्हणाले.

आम्ही शोधले, खरोखरच नव्हते. शेवटी त्या महिन्याचे अंक एकेक उघडून पाहिले. वार्ता होती, पण नाव होते 'पावर्ती'. जुन्या फाँटमध्ये रफार अक्षरानंतर टंकला जाई, कारण तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे अक्षराच्या आधी साठवला जातो. रूपांतरकाने हा क्रम बदललाच नव्हता. 'वेंगुर्ले'चे 'वेंगुलेर्' झाले होते आणि आमच्या जिल्ह्याचे नावही 'सिंधुदुगर्' असे पडले होते. पहिली वेलांटीही जागोजाग एक घर मागेच राहिली होती. वाचणारा डोळा अडखळत का होईना पुढे जातो. शोधणारे यंत्र जात नाही. त्याच्या लेखी ती बाई आमच्या अंकात नव्हतीच.

संपादक म्हणाले, "जुने अंक कोण वाचतो? पुढचे नीट करा." त्यांचेही खरे होते, माणसे मोजकी होती. पण निधनवार्ता वाचतो तो जुनीच वाचतो, असे मला वाटले. त्या मुलाने रफार एक अक्षर मागे नेण्याचा नियम लिहिला आणि मूळ फायली पुन्हा रूपांतरित केल्या. तरी सगळे अंक सुटले नाहीत. कोकणच्या पावसाळ्यात काही सीडींना बुरशी लागली होती. त्या अंकांचा रूपांतरित मजकूर तेवढा उरला होता, आणि त्यातले काही शब्द कोणीतरी मध्येच हाताने दुरुस्त केलेले. तेथे नियम चालवावा तर बरोबर शब्दही बिघडायचे. बांधीव फायलींतील छापील अंक समोर ठेवून ते आम्ही ओळीओळीने तपासले. दोन पावसाळे त्यात गेले.

लालबागच्या गृहस्थांना मात्र मी थांबवले नव्हते. त्यांची वार्ता त्याच दिवशी दुरुस्त केली आणि दूरध्वनीवर वाचून दाखवली. चारच ओळी होत्या. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वय चुकले आहे. एकोणऐंशी नव्हे, आई एक्याऐंशीची होती. तेव्हाच सांगायचे राहून गेले."

ही चूक रूपांतरकाची नव्हती, छापील अंकातलीच होती. छापलेला अंक मागाहून बदलू नये, असे माझे मत. आणि मुलाचे म्हणणे पडावे, असेही वाटत होते. शेवटी मूळ ओळ तशीच ठेवून तिच्याखाली आम्ही तारखेसह दुरुस्तीची एक ओळ जोडली. ती मी तीनदा वाचली, आणि मग शोधाच्या चौकटीत 'पार्वती' लिहून पाहिले.